‘मे आय कम इन, सर?’च्या पुढचे इंग्रजी

पहिली-दुसरीतल्या कोणत्याही मुलाला एक इंग्रजी वाक्य हमखास येते. वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘मे आय कम इन, सर?’ म्हणताना पाचही शब्द एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की मुलाच्या लेखी तो एकच लांबलचक शब्द असतो. त्यापाठोपाठ ‘मे आय ड्रिंक वॉटर?’ आणि ‘मे आय गो टू टॉयलेट?’ ही दोन वाक्ये येतात. मावळातल्या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा घ्या, नाहीतर लोणावळ्यातली इंग्रजी माध्यमाची शाळा घ्या, ही तीन वाक्ये दोन्हीकडे सारखीच ऐकू येतात.

दुःखाची गोष्ट अशी, की आपल्या पुष्कळ मुलांच्या तोंडी दहावीपर्यंत न अडखळता येणारे इंग्रजी एवढेच राहते. म्हणजे परवानगी मागायला आली. पण ‘मला हे जमते’, ‘हे झालेच पाहिजे’, ‘असे करू नये’, ‘हे मिळेल’ ही वाक्ये आलीच नाहीत. ज्याला आयुष्यभर फक्त ‘आत येऊ का?’ एवढेच विचारता येते, तो दारातच उभा राहतो. म्हणून कुटुंबाच्या या पानावर आम्ही यावेळी व्याकरणाचा विषय घेत आहोत. पालकांनी घाबरू नये. इंग्रजी मुळीच न येणाऱ्या आईलाही यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट असे हे नऊ लहान शब्द. इंग्रजी व्याकरणात त्यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. ऑट टू, नीड, डेअर असे आणखी दोन-चार त्यांच्या पंगतीला येऊन बसतात, पण प्राथमिक शाळेच्या मुलाने त्यांच्या वाटेला इतक्यात जाण्याचे कारण नाही. मराठी पुस्तकांतून या शब्दांना फार जड नावे दिलेली आढळतात. ती पाठ करण्यात मुलाची शक्ती खर्च करू नये. आपण सरळ ‘मोडल’ म्हणू.

आपल्या राज्यात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीला सुरू होत असे. त्यामुळे आजच्या पालकांपैकी कोणी पाचवीत एबीसीडी गिरवली, कोणी पहिलीत, आणि आजी-आजोबांपैकी कित्येकांनी शाळेची पायरीही चढलेली नाही. पण मोडल ज्या गोष्टी सांगतात त्या गोष्टी आजीच्या बोलण्यात दिवसभर असतात.

हे सारे मराठीत आहेच

मराठीत हे अर्थ क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेले असतात. ‘करतो’चे ‘करावे’ झाले की कर्तव्य आले. ‘करू नये’ झाले की मनाई आली. ‘करील’ झाले की पुढची गोष्ट आली. ‘करवत नाही’ झाले की अंगात बळ उरले नाही हे कळले. आजी म्हणते, ‘मला आता कार्ल्याच्या पायऱ्या चढवत नाहीत.’ शाळेच्या मराठी व्याकरणात या ‘चढवणे’ला शक्य क्रियापद म्हणतात. इंग्रजीत तेच ‘ग्रॅनी कॅनॉट क्लाइम्ब द स्टेप्स’ असे होते. इंग्रजीने शेपूट सोडवून घेतले, त्याचा एक सुटा शब्द केला आणि तो क्रियापदाच्या पुढे आणून बसवला. आपल्याकडे ‘पोहू शकतो’, तिकडे ‘कॅन स्विम’.

एका बाबतीत तर इंग्रजी आपल्या मराठीपेक्षा सोपी आहे. आपल्याला शकतो, शकते, शकतात, शकाल अशी रूपे बदलावी लागतात. कॅन मात्र बाई पाहत नाही, बाप्या पाहत नाही, एक पाहत नाही, अनेक पाहत नाही. आय कॅन, ही कॅन, शी कॅन, दे कॅन. चौथीतला मुलगा ‘ही’ आला म्हणून सवयीने शेवटी ‘एस’ लावतो आणि ‘ही कॅन्स’ किंवा ‘ही कॅन स्विम्स’ लिहितो. दोन्ही चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मध्ये ‘टू’ घालणे. ‘आय मस्ट टू गो’ असे होत नाही, ‘आय मस्ट गो’ एवढेच. प्रश्न विचारायचा झाला तर ‘डू’ला बोलावण्याची गरज नाही, मोडल स्वतःच उठून पुढे येते: ‘कॅन यू स्विम?’ आणि दोन मोडल एका वाक्यात शेजारी बसत नाहीत, ‘विल कॅन’ असे कधी लिहू नये. नियम एवढेच आहेत. एका संध्याकाळी सांगून होतात.

खरा घोळ अर्थाचा असतो आणि तो बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांनी वाढवला आहे. या तक्त्यांत कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजेही शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजेही पाहिजे असे छापलेले असते. मुलाने मग कोणता शब्द कुठे घ्यायचा? असले तक्ते भिंतीवर लावण्यापेक्षा भिंत रिकामी बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘ऊ का’ या आपल्या साध्या प्रश्नाचेच पाहा. ‘आत येऊ का?’ आणि ‘दार लावू का?’ ही मराठीत एकाच साच्याची वाक्ये आहेत. पण पहिल्यात आपण परवानगी मागतो, म्हणून ‘मे आय कम इन?’ दुसऱ्यात आपण दुसऱ्याचे काम करायला पुढे होतो, म्हणून ‘शॅल आय क्लोज द डोअर?’ ‘आपण निघू या का?’ असे विचारायचे तर ‘शॅल वी गो?’ मुलाला तक्त्यातला शब्द आठवून उपयोग नाही. आपण परवानगी मागत आहोत की मदत देऊ करत आहोत, हे आधी त्याला कळले पाहिजे. आणि ते कळण्यासाठी इंग्रजी लागत नाही.

येथेच आईचे काम सुरू होते. मूल इंग्रजीचा गृहपाठ घेऊन बसले की आईने त्याला फक्त मराठीत विचारावे, ‘बाळा, याला हे जमते असे म्हणायचे आहे, की कोणी परवानगी दिली आहे, की केल्यावाचून सुटका नाही, की नुसता अंदाज आहे?’ जमते तर कॅन, परवानगी तर मे, सुटका नाही तर मस्ट. बोलताना परवानगीसाठीही कॅन चालतो. कोणी ‘कॅन आय कम इन?’ म्हटले तर ते चुकले असे समजू नये. शुडचे नाते विध्यर्थाशी जवळचे आहे. ‘मुलांनी लवकर झोपावे’ यात कर्तव्य आहे आणि ‘एवढ्यात लोकल यावी’ यात अपेक्षा आहे. शुडचे हेच दोन अर्थ आहेत. ‘चिल्ड्रन शुड स्लीप अर्ली’ आणि ‘द लोकल शुड बी हिअर सून’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच शब्दाला तीच दोन कामे लावली, याची आम्हाला गंमत वाटते.

आठवडाभर एकच मोडल घ्यावे. कॅनच्या आठवड्यात घरातले प्रत्येक जण काय काय करू शकते याची दहा वाक्ये वहीत होतात. वडिलांना गाडी चालवता येते, आत्याला भात लावता येतो, धाकट्याला अजून बूट बांधता येत नाहीत. ‘मला येते’ने सुरुवात झाली की मुले इंग्रजीतही ‘टू मी’ लिहायला जातात. तेवढे लक्ष ठेवून ‘आय’ करून घ्यावे. कॅन, मे, मस्ट, शुड हे चार घट्ट झाल्याशिवाय पुढचे घेऊ नयेत. कुड, शुड, वुड यांच्या स्पेलिंगमधला ‘एल’ मुका आहे हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. त्यातही कुडमधला ‘एल’ मुळात नव्हताच. शुड आणि वुडच्या देखादेखी तो मागाहून शिरला. इंग्रजांची पोरेही ते स्पेलिंग पाठच करतात, त्यामुळे आपल्या पोरांनी त्याचा कमीपणा मानू नये.

करू नये आणि करायची गरज नाही

मस्टच्या नकारात मोठी माणसेही फसतात. ‘यू मस्ट पे’ म्हणजे पैसे भरलेच पाहिजेत. मग ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे काय? भरले नाहीत तरी चालेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्याचा अर्थ ‘भरायचेच नाहीत’, म्हणजे सरळ मनाई. भरण्याची गरज नाही असे सांगायचे असेल तर ‘यू नीड नॉट पे’ म्हणतात. औषधाच्या बाटलीवर, परीक्षेच्या सूचनांत, नोकरीच्या अर्जात हा फरक जिवावर किंवा पैशावर बेततो. मराठी मनात ठेवली तर चूक होणार नाही: ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘नये’, ‘नीड नॉट’ म्हणजे ‘गरज नाही’.

मनाईच्या पाट्या आपल्या मावळात पावलोपावली आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे लोणावळ्याला लोटतात आणि पाटीवर काय लिहिले आहे हे थोडेच लोक वाचतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहातून एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली आणि त्यांत लहान मुले होती. तेव्हा ‘शुड नॉट’ आणि ‘मस्ट नॉट’ यांतला फरक मुलाला शिकवायचा तर पाण्याचे उदाहरण घ्यावे. ‘यू शुड नॉट प्ले इन द रेन’ हा सल्ला आहे, मोडला तर फार तर सर्दी होईल. ‘यू मस्ट नॉट गो इन द वॉटर’ हा सल्ला नव्हे.

लोकल ओली आली

अंदाजाच्या मोडलसाठी मावळच्या पावसासारखा दुसरा गुरू नाही. लोणावळ्याला धो धो पडत असतो तेव्हा तळेगावला पुष्कळदा ऊन असते. समजा, आपण तळेगाव स्टेशनवर कोरड्या फलाटावर उभे आहोत आणि मळवली-कामशेतकडून आलेल्या लोकलचे डबे निथळत आहेत. मूल म्हणते, ‘लोणावळ्याला पाऊस पडत असणार.’ हा ‘असणार’ म्हणजे इंग्रजीतला मस्ट: ‘इट मस्ट बी रेनिंग इन लोणावळा.’ येथे मस्टचा आणि सक्तीचा काही संबंध नाही. डोळ्यांपुढे पुरावा आहे, म्हणून खात्री आहे.

आता डबे कोरडेच आहेत, पण घाटाकडे आभाळ भरून आले आहे. मग ‘पाऊस पडत असेल’, म्हणजे ‘इट मे बी रेनिंग’. आभाळही फारसे भरलेले नाही, नुसता जून महिना आहे म्हणून म्हणायचे तर ‘पडतही असेल, कोणास ठाऊक’, म्हणजे ‘इट माइट बी रेनिंग’. मे आणि माइट यांच्यातले अंतर फार थोडे आहे, आणि इंग्रजी बोलणारे लोकही ते नेहमी पाळत नाहीत. पाचवीच्या मुलाला एवढे कळले तरी पुरे, की खात्री उतरत गेली की मस्टवरून मेवर आणि मेवरून माइटवर यायचे. ‘इट विल रेन’ म्हणजे ‘पडेल’. त्यात बोलणाऱ्याने आपला शब्दच दिलेला असतो.

द्याल का?

लोणावळा-खंडाळ्यात आपल्या पुष्कळ घरांची चूल हॉटेलांवर, बंगल्यांच्या राखणदारीवर आणि चिक्कीच्या दुकानांवर पेटते. तेथे काम करणाऱ्या तरुणांना इंग्रजी बोलावे लागते आणि ते बोलतातही. पण ‘यू वॉन्ट टी?’ असे विचारणारा मुलगा आणि ‘वुड यू लाइक टी?’ असे विचारणारी मुलगी यांच्यात समोरचा माणूस लगेच फरक करतो. पहिल्याचे व्याकरण थोडे चुकले एवढेच कारण त्यामागे नसते. पहिला मुलगा उद्धट आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. तो बिचारा मनातल्या मनात ‘तुम्ही चहा घेणार का?’ असेच आदराने म्हणत असतो, पण इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांना ‘यू’ एकच. आपण ज्या ‘तुम्ही’ने मान देतो, तो मान इंग्रजीला वुड आणि कुड या शब्दांतून द्यावा लागतो.

मराठीत ‘पाणी द्या’ म्हणजे आज्ञा आणि ‘जरा पाणी द्याल का?’ म्हणजे विनंती. ‘द्याल’ हे तर भविष्यकाळाचे रूप, तरी येथे भविष्य कुठे आहे? मागणे जरा लांबून करायचे म्हणून आपण काळ बदलला. इंग्रजीनेही तेच केले. ‘विल यू’ म्हणजे ‘द्याल का’, आणि आणखी मऊ करायचे तर त्याचे भूतकाळी रूप ‘वुड यू’, कॅनचे ‘कुड यू’. कुड म्हणजे फक्त ‘शकलो’ असे तक्त्यावर वाचून पाठ केलेल्या मुलाला ‘कुड यू हेल्प मी?’ हे वाक्य भूतकाळाचे वाटते आणि तो उत्तर द्यायला चाचरतो.

मात्र नम्रता म्हणजे लाचारी नव्हे, हेही मुलांना सांगावे. ‘कुड यू प्लीज’ हे साहेबाने शिपायालाही म्हणायचे असते. बरोबरीच्या माणसांची ती भाषा आहे. आणि जेथे आपला हक्क आहे तेथे ‘मे आय’ने सुरुवात करण्याचे कारण नाही.

कायद्यातला शॅल

शॅल हा शब्द आता बोलण्यातून बराच मागे पडला आहे. ‘आय’ आणि ‘वी’ यांना शॅल, बाकीच्यांना विल, असा जुन्या व्याकरणांचा नियम होता. रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकावर वाढलेली पिढी अजून तो सांगते. रोजच्या इंग्रजीत तो आज फारसा कोणी पाळत नाही. पण कायद्याच्या कागदावर शॅल अजून पक्का बसलेला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ निव्वळ भविष्यकाळ नाही, बंधन आहे. मराठी भाषांतरात तो ‘देईल’, ‘करील’, ‘नाकारणार नाही’ अशा साध्या रूपांत उतरतो. त्यामुळे त्याचे वजन मराठीत वाचणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन कार्ले, भाजे किंवा बेडसे येथील लेणी पाहायला जाणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा संरक्षित स्मारकांशी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते. तिच्यावर १९५८ च्या कायद्यातला शिक्षेचा मजकूर असतो. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला शिक्षा होण्याची गोष्ट येते तेथे शॅल आहे आणि शिक्षा किती हे सांगताना मे आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी आहे. येथला मे परवानगीचा नाही की अंदाजाचाही नाही. तो ‘पर्यंत’ आहे. म्हणजे गुन्हा ठरलाच पाहिजे, पण शिक्षा कमी की जास्त हे न्यायाधीशाच्या हाती. सहावी-सातवीच्या मुलाला पाटीसमोर उभे करून हे दोन शब्द शोधायला लावावेत. लेण्यांची माहिती सांगतोच, तेवढ्यात हाही धडा होतो.

शिक्षणाच्या हक्काची कथा तर याच शब्दांची कथा आहे. संविधान १९५० साली अमलात आले तेव्हा कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट होती. शॅलही होता, पण त्याच्यापुढचे क्रियापद ‘प्रयत्न करणे’ हे होते आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने कोर्टात जाऊन मागता येत नव्हते. दहा वर्षे गेली, चाळीस वर्षे गेली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि २१-अ हे नवे कलम मूलभूत हक्कांत आले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शॅलच्या पुढे आता ‘प्रयत्न’ नाही, सरळ ‘पुरवणे’ हे क्रियापद आहे. त्याच वाक्यात पुढे मे आहे. शिक्षण कोणत्या पद्धतीने द्यायचे हे राज्याने कायदा करून ठरवावे, एवढ्यापुरता. द्यायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक त्या मेने दिलेली नाही.

या कलमाप्रमाणे २००९ चा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खासगी विनाअनुदानित शाळांत, अल्पसंख्याकांच्या शाळा सोडून, प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांना देण्याविषयीचे त्यातले कलम शॅलनेच लिहिलेले आहे. पालक अर्ज घेऊन गेले की काही ठिकाणी त्यांच्याशी ‘बघू, जागा उरल्या तर देऊ’ असे मेच्या भाषेत बोलले जाते. घरात मूल सातवीत असेल तर त्याच्याकडून ते कलम इंग्रजीत वाचून घ्यावे आणि मोडलखाली रेघ ओढायला लावावी.

तळेगावला बाबासाहेबांचा बंगला पाहून आल्यावर काही मुले संविधानाची प्रत हाताळायला मागतात. तेव्हा हाच खेळ पुढे नेता येतो. शाळेत रोज म्हटल्या जाणाऱ्या उद्देशिकेत मोडल किती, असे विचारावे. शोधून शोधून मुले थकतील, कारण तेथे एकही नाही. मग कलम १७ काढून द्यावे. त्यात दोनच वाक्ये आहेत. अस्पृश्यता नष्ट केल्याचे पहिले वाक्य ‘इज’ने लिहिले आहे, त्यात ना शॅल ना विल. दुसरे वाक्य ती पाळणाऱ्याच्या गुन्ह्याचे आणि शिक्षेचे आहे. शॅल सापडतो तो तेथे.